हॅकिंटॉशवर लॅन दिसत नाही, वायफाय चालू होत नाही (ओपनकोर, सोनोमा)

खटपट्या

मशीन (साध्या पीसीवर मॅकओएस, म्हणजे हॅकिंटॉश): कोअर आय५-१०४००, बी४६० चिपसेटचा बोर्ड, १६ जीबी रॅम, ओपनकोर या बूटलोडरवर मॅकओएस सोनोमा १४.६. बोर्डावर एकच लॅन पोर्ट आहे, रिअलटेकचा. पीसीआयई स्लॉटमध्ये इंटेलचं एएक्स२०० वायफाय कार्ड.

ईएफआयमध्ये (ओपनकोरच्या फाइलींचा बूट फोल्डर) रिअलटेकआरटीएल८१११ आणि एअरपोर्टआयटीएलडब्ल्यूएम हे दोन केक्स्ट (मॅकओएसचे ड्रायव्हर) आहेत. ग्राफिक्स, आवाज, स्लीप सगळं ठीक आहे. पण सिस्टिम सेटिंग्जमध्ये नेटवर्क उघडलं की इथरनेट दिसतच नाही. वायफाय दिसतं, पण त्याचं बटण चालू केलं की लगेच बंद होतं. त्याच मशीनवर विंडोजमध्ये दोन्ही कार्डं व्यवस्थित चालतात. सुरुवात कुठून करू?

बायोस_बघा

विंडोजमध्ये चालतात म्हणजे कार्डं धडधाकट आहेत, प्रश्न ड्रायव्हरचा आहे. नवीन केक्स्ट उतरवायच्या आधी दोन्ही कार्डांचे आयडी द्या. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि तिथल्या यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. ‘व्हेन’च्या पुढचे चार अंक म्हणजे चिप बनवणारी कंपनी, ‘डेव्ह’च्या पुढचे चार म्हणजे नेमकी चिप. ८०८६ इंटेल, १०ईसी रिअलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी अ‍ॅथरॉस, १४सी३ मीडियाटेक.

बोर्डाच्या खोक्यावर ‘रिअलटेक लॅन’ एवढंच छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. एकाच नावाच्या बोर्डाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत चिप बदललेली असते. आणि एअरपोर्टआयटीएलडब्ल्यूएमची नेमकी कोणती झिप उतरवली होती, तेही लिहा. मॅकओएसच्या आवृत्तीप्रमाणे ती वेगळी असते.

खटपट्या

लॅन: व्हेन १०ईसी, डेव्ह ८१२५.
वायफाय: व्हेन ८०८६, डेव्ह २७२३.
एअरपोर्टआयटीएलडब्ल्यूएमच्या झिपच्या नावात ‘सोनोमा १४.०’ आहे.

लोखंडी_पूल

दोन्हींची कारणं या तीन ओळींतच आहेत.

८१२५ ही अडीच गिगाबिटची चिप. रिअलटेकआरटीएल८१११ हा केक्स्ट एक गिगाबिटच्या ८१६८ कुटुंबासाठी आहे, ८१२५ त्याच्या यादीतच नाही. त्यामुळे केक्स्ट जागेवर असूनही त्याला आपलं कार्ड सापडत नाही आणि तो गप्प बसतो. कुठेही एरर येत नाही, म्हणून माणूस केक्स्टच्या आवृत्त्या बदलत बसतो. तुम्हाला लूसीआरटीएल८१२५इथरनेट हवा. जुना ८१११ काढून टाका, त्याचा काही उपयोग नाही.

वायफायचं असं, की एअरपोर्टआयटीएलडब्ल्यूएम ॲपलच्या स्वतःच्या वायफाय प्रणालीत शिरून काम करतो आणि ती प्रणाली ॲपल मधल्या अपडेटमध्येही बदलतं. सोनोमासाठी म्हणूनच दोन फाइली आहेत: १४.० ची फाइल १४.३ पर्यंत, १४.४ ची फाइल तिथून पुढे. तुम्ही १४.६ वर १४.० ची वापरताय. कार्ड ओळखलं जातं, पण पुढे बोलणं जमत नाही.

बदलायची पद्धत: ईएफआय, ओसी, केक्स्ट्स या फोल्डरमध्ये नवीन दोन केक्स्ट ठेवा, जुने काढा. प्रॉपरट्री या ॲपमध्ये कॉन्फिग.पीलिस्ट (ओपनकोरची सेटिंग फाइल) उघडून कंट्रोल-आर दाबा आणि ओसी फोल्डर दाखवा. म्हणजे कर्नलखालच्या ॲड विभागात नोंदी आपोआप येतील आणि लिलू (बाकीचे बरेच केक्स्ट ज्याच्यावर चालतात तो) सगळ्यांच्या वर राहील. कंट्रोल-शिफ्ट-आरने यादी नव्याने तयार होते आणि हाताने घातलेले मिनकर्नल, मॅक्सकर्नल (केक्स्ट कोणत्या आवृत्तीपासून कोणत्या आवृत्तीपर्यंत चालवायचा ते) उडतात, तेव्हा ते टाळा. फाइल फोल्डरमध्ये आहे पण कॉन्फिगमध्ये नोंद नाही, असं असेल तर ओपनकोर तिच्याकडे बघतही नाही. उलट नोंद आहे आणि फाइल नाही, तर बूट तिथेच थांबू शकतं.

पहिला बदल करायच्या आधी चालतं ईएफआय फोल्डर पेनड्राइव्हवर जसंच्या तसं उतरवून ठेवा. काही बिघडलंच तर बायोसच्या बूट मेनूतून पेनड्राइव्ह निवडून परत येता येतं.

बायोस_बघा

एअरपोर्टआयटीएलडब्ल्यूएम वापरताना कॉन्फिगच्या मिस्क, सिक्युरिटीमधलं सिक्युअरबूटमॉडेल ‘डिफॉल्ट’ आहे का बघा. ते ‘डिसेबल्ड’ असेल तर रिकव्हरीमध्ये (मॅकओएस बसवायची, दुरुस्त करायची छोटी सिस्टिम) वायफाय मिळत नाही, कारण तिथे आयओ८०२११फॅमिली (ॲपलची वायफाय प्रणाली) आपणहून लोड होत नाही आणि हा केक्स्ट तिच्यावरच बसतो. डिसेबल्डच ठेवायचं असेल तर कर्नलखालच्या फोर्स विभागात आयओ८०२११फॅमिलीची नोंद करावी लागते.

आयटीएलडब्ल्यूएम आणि एअरपोर्टआयटीएलडब्ल्यूएम एकत्र कधीही ठेवू नका. दोघं एकाच कार्डावर हक्क सांगतात.

रात्रपाळी

या दोघांतला फरक नवीन मंडळींसाठी इथेच लिहून ठेवतो. आयटीएलडब्ल्यूएम हा ॲपलच्या वायफाय प्रणालीला हात लावत नाही. मॅकओएसला कार्ड साधं इथरनेट म्हणून दिसतं आणि नेटवर्क निवडायला हेलीपोर्ट हे वेगळं ॲप लागतं. त्यामुळे तो मॅकओएसच्या आवृत्तीवर फारसा अवलंबून नाही. सिक्वोयावर इंटेल कार्ड असेल तर हाच सरळ मार्ग आहे. एअरपोर्टवाला दिसायला मॅकसारखा, मेनूबारमध्ये वायफायची नेहमीची खूण, पण मोठ्या अपडेटच्या आधी त्याची जुळणारी फाइल आली आहे का ते बघावंच लागतं. एअरड्रॉप दोघांवरही चालत नाही. एअरड्रॉप हवंच असेल तर इंटेल कार्डाचा नाद सोडा.

रिकव्हरीत हेलीपोर्ट उघडता येत नाही. ऑनलाइन इन्स्टॉलर वापरणाऱ्यांची गाडी नेमकी इथेच अडते, कारण तो इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर जेमतेम रिकव्हरीपुरताच असतो आणि बाकी सगळं नेटवरून ओढतो. उपाय: आयटीएलडब्ल्यूएम केक्स्टच्या आत कंटेंट्समध्ये इन्फो.पीलिस्ट आहे. त्यात आयओकिटपर्सनॅलिटीज, आयटीएलडब्ल्यूएम, वायफायकॉन्फिग असं आत जा. वायफाय_१ खाली आपल्या नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड लिहा, अक्षरं लहान-मोठी अगदी जशीच्या तशी. मग बूट होतानाच कार्ड जोडून घेतं. सिस्टिम बसली की तो पासवर्ड तिथून पुसून टाका, साध्या अक्षरांत पडून राहतो. आणि असं ईएफआय कुणाला मदतीसाठी पाठवत असाल तर त्याच्या आधी नक्की पुसा.

खटपट्या

दोन्ही बदल केले. वायफाय पूर्ण चालू झालं, पाच गिगाहर्ट्झवरही.

लॅन आता दिसतं, पोर्टचा दिवा लागतो, स्पीड १०००बेसटी दाखवतं. पण आयपी १६९.२५४ ने सुरू होणारा येतो आणि खाली ‘सेल्फ-असाइन्ड आयपी’ लिहिलेलं आहे. राउटर तोच, केबल तीच, विंडोजमध्ये लगेच आयपी मिळतो.

लोखंडी_पूल

आता प्रश्न पुढच्या टप्प्यावर आला. नेटवर्क कार्डाचे तीन टप्पे वेगळे ठेवा, म्हणजे चुकीच्या जागी खोदत बसावं लागत नाही.

पहिला, ड्रायव्हर कार्डावर बसला का. टर्मिनलमध्ये ‘केएमयूटिल शोलोडेड’ चालवून यादीत केक्स्टचं नाव शोधा, आणि सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये इथरनेटखाली कार्ड आहे का बघा. केक्स्ट फोल्डरमध्ये आणि कॉन्फिगमध्ये आहे पण कार्ड दिसत नाही, तर बहुधा आयडी जुळत नाही. तुमचं मघाचं दुखणं हेच होतं.

दुसरा, तारेवर जोडणी झाली का. ‘आयएफकॉन्फिग ईएन०’ मध्ये (ईएन०, ईएन१ ही कार्डांची नावं, लॅनचं जे असेल ते घाला) शेवटी स्टेटस ‘ॲक्टिव्ह’ असेल तर झाली.

तिसरा, पाकिटं खरोखर ये-जा करतात का. १६९.२५४ चा अर्थ एवढाच, की मॅकने राउटरकडे पत्ता मागितला आणि उत्तर पोचलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. दिवा लागणं आणि स्पीड ठरणं हे चिपच्या तारेकडच्या भागाचं काम. पाकीट रॅममध्ये उतरवणं हे वेगळं. तुमचं तिथे अडलंय.

दहाव्या पिढीच्या बोर्डावर अशा वेळी पहिला संशय व्हीटी-डीवर. बायोसमध्ये व्हीटी-डी चालू असेल तर कार्डाचं रॅमशी होणारं सगळं दळणवळण एका नकाशातून जातं. बोर्डाच्या डीएमएआर तक्त्यात (बायोसने दिलेलं या नकाशाचं वर्णन) राखीव जागा लिहिलेल्या असतात, त्या मॅकओएसच्या व्यवस्थेशी जुळत नाहीत, आणि पाकिटं मध्येच हरवतात.

चाचणी सोपी आहे. बायोसमध्ये व्हीटी-डी बंद करा आणि बाकी कशालाही हात लावू नका. आयपी आला तर निदान पक्कं. कॉन्फिगमध्ये कर्नल, क्वर्क्समधलं (खास अडचणींसाठीचे स्विच) डिसेबलआयओमॅपर ‘ट्रू’ करूनही हेच होतं, म्हणजे विंडोज किंवा लिनक्ससाठी व्हीटी-डी चालू ठेवता येतं. पण चाचणीला बायोसच बरा.

खटपट्या

व्हीटी-डी बंद केल्यावर लगेच १९२.१६८ चा पत्ता आला. पण मला दुसऱ्या डिस्कवरच्या लिनक्समध्ये व्हर्च्युअल मशीनला कार्ड द्यायचं असतं, तिथे व्हीटी-डी लागतं. डिसेबलआयओमॅपरवर थांबू की डीएमएआर दुरुस्त करू?

लोखंडी_पूल

८१२५ आणि डिसेबलआयओमॅपर एवढ्यावर तुमचं भागतं. बायोसमध्ये व्हीटी-डी चालू, कॉन्फिगमध्ये ते ‘ट्रू’, विषय संपला.

डीएमएआर दुरुस्त करायची गरज पडते ती एखाद्या कार्डाला मॅकओएसमध्येच व्हीटी-डी लागत असेल तर. त्याची पद्धतही देतो. एसएसडीटीटाइम या साधनात डीएमएआर दुरुस्तीचा पर्याय आहे. तो राखीव जागा काढून नवीन डीएमएआर.एएमएल फाइल देतो. ती ओसीमधल्या एसीपीआय फोल्डरमध्ये ठेवून एसीपीआय, ॲडमध्ये नोंद करा. मूळ तक्ता घालवण्यासाठी एसीपीआय, डिलीटमध्ये टेबलसिग्नेचर ४४४डी४१५२ घाला, ती डीएमएआर याच चार अक्षरांची संख्या आहे. मग डिसेबलआयओमॅपर ‘फॉल्स’. या दोन्ही नोंदी एकत्र लागतात. फक्त नवीन तक्ता घातला आणि जुना तसाच ठेवला तर काहीच बदलत नाही.

१६ जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्यांनी आणि व्हेंच्युरा १३.३ किंवा पुढे असलेल्यांनी डिसेबलआयओमॅपरमॅपिंग हा क्वर्कही बघावा. तो याच प्रकारच्या वायफाय आणि इथरनेटच्या तक्रारींसाठी ओपनकोर ०.९.२ मध्ये आला.

तांब्याची_तार

माझ्याकडे रिअलटेक ८१६८ आहे, रिअलटेकआरटीएल८१११ लोड होतो, आयपी मिळतो, पण स्पीड १००बेसटीएक्सच्या वर जात नाही. ब्रॉडबँड ३०० एमबीपीएसचं आहे. केक्स्ट बदलून बघू का?

बायोस_बघा

केक्स्टच्या आधी केबलची दोन्ही टोकं बघा. भिंतीतून येणारी तार बसवताना बरेचदा १, २, ३ आणि ६ या चारच पिनांना तारा जोडलेल्या असतात. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. आरजे-४५ च्या पारदर्शक टोकातून डोळ्यांनीच दिसतं: निळी आणि तपकिरी जोडी आत आहे की बाहेरच कापलीय. नवीन टोक क्रिम्प करून आठही तारा बसवल्या की काम होतं. चांगली तयार केबल लावून आधी खात्री करून घ्या. विंडोजमध्येही १०० च दिसत असेल तर ड्रायव्हरचा काही संबंध नाही.

विंडोजमध्ये १००० आणि मॅकमध्ये १०० असेल तर मात्र नेटवर्कच्या डिटेल्समध्ये हार्डवेअर उघडा, कॉन्फिगर ‘मॅन्युअली’ करा, १०००बेसटी फुल डुप्लेक्स निवडा, ओके, थोडं थांबून पुन्हा ‘ऑटोमॅटिकली’. त्याने नाही झालं तर केक्स्टची आधीची आवृत्ती घालून बघा. या केक्स्टच्या बाबतीत नवीन ती चांगलीच असं नाही, काही चिपांना जुनी जास्त मानवते.

रात्रपाळी

रिअलटेकमध्ये आणखी एक गोष्ट बघाच. विंडोजमधून थेट रिस्टार्ट करून मॅकमध्ये गेलं की लॅन मेलेलं, आणि बंद करून चालू केलं की ठीक, असं होत असेल तर विंडोजच्या ड्रायव्हरने चिप झोपवून ठेवलेली असते. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा, आणि कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड विभागात ‘शटडाउन वेक-ऑन-लॅन’ आणि ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ हे दोन्ही डिसेबल करा. अडकलेली चिप सोडवायला मशीन बंद करून पॉवर सप्लायची वायर काढा, अर्धा मिनिट थांबा, मग लावा. नुसतं बंद करून भागत नाही, कारण वायर लागलेली असेपर्यंत लॅन चिपला स्टँडबाय वीज मिळतच राहते.

मध्यरेषा

इंटेल आय२२५-व्ही असलेल्यांनी काय करायचं? आयडी १५एफ३. जुन्या मार्गदर्शिकेत डिव्हाइसप्रॉपर्टीजमध्ये डिव्हाइस-आयडी एफ२१५०००० घाला असं आहे, ते करून व्हेंच्युरावर काही होत नाही.

लोखंडी_पूल

ती युक्ती कॅटालिना आणि बिग सरच्या काळातली आहे. तेव्हा ॲपलच्या स्वतःच्या ड्रायव्हरला हे कार्ड १५एफ२ आहे असं भासवलं की तो बसायचा. माँटेरेपासून ॲपलने ड्रायव्हरची घडण बदलली, ‘ई१०००=०’ असा बूट आर्ग्युमेंट घालून काही काळ भागलं, व्हेंच्युरात तेही संपलं.

आता ॲपलआयजीसी हा केक्स्ट घाला, आय२२५ आणि आय२२६ दोन्हींसाठी चालतो. घालताना जुनं डिव्हाइस-आयडी आणि ‘ई१०००=०’ दोन्ही काढा. जुन्या युक्त्यांचे अवशेष कॉन्फिगमध्ये राहिले की कोणता ड्रायव्हर कुणामुळे बसला हे समजायला मार्गच उरत नाही.

इंटेलच्या एक गिगाबिट आय२१७, आय२१८, आय२१९ साठी इंटेलमाउसी. आय२११ (आयडी १५३९) इंटेलमाउसीवर चालत नाही, त्याला ॲपलआयजीबी लागतो. बोर्डावर दोन इंटेल पोर्ट असतील तर बरेचदा एक आय२१९ आणि एक आय२११ असतो, दोन्ही केक्स्ट ठेवा.

मध्यरेषा

ॲपलआयजीसीने झालं. दुसऱ्या मशीनवर ब्रॉडकॉम बीसीएम९४३६०एनजी आहे. व्हेंच्युरात काहीही न घालता चालायचं, सोनोमात वायफाय गायब.

रात्रपाळी

सोनोमात ॲपलने या पिढीच्या ब्रॉडकॉम कार्डांचा ड्रायव्हरच काढून टाकला. कार्ड बिघडलेलं नाही. जुना ड्रायव्हर परत बसवायला ओपनकोर लेगसी पॅचर लागतो, आणि त्याच्या आधी कॉन्फिगमध्ये तयारी करावी लागते. ती नीट झाली नाही तर पॅच बसूनही कार्ड येत नाही, आणि बरेच जण इथेच हात टेकतात.

कर्नल, ॲडमध्ये आयओस्कायवॉकफॅमिली, आयओ८०२११फॅमिलीलेगसी आणि त्याच्या आतला एअरपोर्टबीआरसीएमएनआयसी, शिवाय एएमएफआयपास. पहिल्या तिघांना मिनकर्नल २३.०.० (२३ म्हणजे सोनोमा, २४ सिक्वोया), नाहीतर तेच ईएफआय व्हेंच्युराला घातलं की तिथलं चालतं वायफाय जाईल. क्रमही याच ओळीतला ठेवा. मग कर्नल, ब्लॉकमध्ये कॉम.ॲपल.आयओकिट.आयओस्कायवॉकफॅमिली, स्ट्रॅटेजी ‘एक्सक्लूड’, मिनकर्नल २३.०.०. ही ब्लॉकची ओळ राहिली तर ॲपलचा नवीन आणि आपला जुना असे दोन स्कायवॉक समोरासमोर येतात. सिक्युअरबूटमॉडेल ‘डिसेबल्ड’. एनव्हीरॅममध्ये सीएसआर-ॲक्टिव्ह-कॉन्फिग ०३०८००००, म्हणजे ॲपलचं सिस्टिम संरक्षण अंशतः बंद.

रिस्टार्ट करा, पॅचर उघडा, पोस्ट-इन्स्टॉल रूट पॅच. यादीत ‘नेटवर्किंग: मॉडर्न वायरलेस’ दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर पुढे जाऊ नका, वरचं काहीतरी राहिलंय. पॅच झाल्यावर पुन्हा रिस्टार्ट.

याची किंमत अशी, की सिस्टिम व्हॉल्यूमची मोहोर तुटते. पुढचे अपडेट छोटे येत नाहीत, पूर्ण इन्स्टॉलर उतरतो, आणि प्रत्येक अपडेटनंतर पॅच निघून जातो, म्हणजे वायफायही. म्हणून पॅचरचं ॲप आधीच डिस्कवर ठेवा आणि लॅन केबल हाताशी असू द्या. लॅन पोर्ट नसलेल्या लॅपटॉपला आरटीएल८१५३ चिपचा यूएसबी अडॅप्टर घ्या, त्याला मॅकओएसमध्ये वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

नवीन कार्ड विकत घ्यायचा विचार करणाऱ्यांनी लक्षात घ्या: टाहो, म्हणजे मॅकओएस २६, ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती हे ॲपलने जून २०२५ मध्येच जाहीर केलंय. ब्रॉडकॉम कार्डावर आता मोठे पैसे घालणं मला पटत नाही. एअरड्रॉप नको असेल तर असलेलं इंटेल कार्ड पुरे. मीडियाटेक आणि रिअलटेकच्या एम.२ वायफाय कार्डांना मात्र ड्रायव्हरच नाही, ती बदलावीच लागतात. मशीनमध्ये जे कार्ड जन्मतः आहे ते आधी बघा, मग पैसे काढा.

खटपट्या

लॅन, वायफाय दोन्ही स्थिर आहेत. आता दोन शेवटच्या गोष्टी. एएक्स२०० चं ब्लूटूथ दिसत नाही. आणि आयमेसेजमध्ये साइन इन होत नाही, वायफाय ईएन० आहे आणि लॅन ईएन१.

बायोस_बघा

ब्लूटूथ: पीसीआयई अडॅप्टरवरच्या कार्डाचं वायफाय पीसीआयईवरून चालतं, ब्लूटूथ यूएसबीवरून. अडॅप्टरसोबत एक बारीक केबल येते, ती बोर्डावरच्या नऊ पिनांच्या यूएसबी २.० हेडरला लावायची. विंडोजमध्ये ब्लूटूथ चालत असेल तर ती लागलेली आहे. मग यूएसबी मॅपमध्ये तो हेडर पोर्ट आहे का बघा. मॅकओएस एका कंट्रोलरला १५ च पोर्ट देतं आणि ११.३ पासून मर्यादा उठवणारा क्वर्क चालत नाही, त्यामुळे मॅप करताना हा पोर्ट गळलेला असण्याची शक्यता मोठी. त्याचा प्रकार २५५, म्हणजे इंटर्नल, ठेवा. केक्स्ट: इंटेलब्लूटूथफर्मवेअर, इंटेलबीटीपॅचर आणि ब्लूटूलफिक्सअप. जुन्या लेखांतला इंटेलब्लूटूथइंजेक्टर माँटेरेपासून पुढे घालायचा नाही.

आयमेसेज: ईएन० हे बिल्ट-इन कार्ड असलं पाहिजे, आणि लॅनला ते देणं सगळ्यात सुरक्षित. डिव्हाइसप्रॉपर्टीजमध्ये लॅन कार्डाच्या पीसीआय मार्गाखाली ‘बिल्ट-इन’ नावाची डेटा प्रकारची नोंद, किंमत ०१. मार्ग हॅकिंटूल या ॲपमध्ये पीसीआयई टॅबवर मिळतो. नंतर नेटवर्क सेटिंग्जमधून सगळी कार्डं काढा. लायब्ररी, प्रेफरन्सेस, सिस्टिमकॉन्फिगरेशन या फोल्डरमधून नेटवर्कइंटरफेसेस.पीलिस्ट आणि प्रेफरन्सेस.पीलिस्ट या दोन फाइली काढून टाका. घरच्या लायब्ररीतला फोल्डर नव्हे, डिस्कच्या मुळाशी असलेला. रिस्टार्ट झाल्यावर आधी लॅन जोडा, ईएन० तेच झालं याची ‘आयएफकॉन्फिग’ने खात्री करा, मग वायफाय.

प्लॅटफॉर्मइन्फोमधलं आरओएम हे लॅनच्या मॅक ॲड्रेसवरून (कार्डाचा हार्डवेअर पत्ता), मधली ‘:’ ही चिन्हं काढून, भरा. हे सगळं होईपर्यंत ॲपल आयडीतून साइन आउटच राहा. ओळख अर्धवट असताना पुन्हा पुन्हा साइन इन करत राहिलं तर खातं अडकतं.